बरण्यांत भरलेली पिकअप

अहो, मी तुमची पिकअप देऊन टाकली. अजून ती दारातच आहे, शेडच्या पत्र्याखाली, पण शब्द दिला आहे. तेराव्याची पंगत उठल्यावर तुमचा भाचा सुनील माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, मामी, मनमाड रस्त्यावरच्या माझ्या हॉटेलच्या दारात तिला ठेवू, येणारे-जाणारे फोटो काढतील, मामांची आठवण राहील. मला निर्णय घ्यायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे. पडद्याच्या कापडासाठी मी तुम्हाला नगरला दोनदा नेलं होतं आणि शेवटी पडदे जुनेच ठेवले. पण सुनीलचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. मला ती डोळ्यांसमोर नको होती.

का नको होती हे तुम्हाला सांगायला नको. पण हे मी ओजस आणि तन्वीसाठीही लिहिते आहे. आपली नातवंडं कॅनडातून फोन करतात, आजोबांचं विचारतात, आणि मी काहीतरी बोलते आणि मग बोलणं तुटतं. लिहिलेलं मराठी ती दोघं सावकाश का होईना वाचतात. तेव्हा मी तुमच्याशी बोलते, त्यांनी बाजूला बसून ऐकावं.

मुलांना गाडीचा रंग माहीत आहे, कारण तो तन्वीनं निवडला. व्हिडिओ कॉलवर तुम्ही रंगांचं कार्ड तिच्यासमोर धरलंत आणि तिनं पोपटीवर बोट ठेवलं. मी म्हटलं, अहो, पोपटी पिकअप कुणी बघितली आहे का, राखाडी घ्या, मळ दिसत नाही. तुम्ही म्हणालात, विचारलं तिला, तर ऐकायलाही हवं. सगळ्या कोल्हारमध्ये तुमच्या गाडीला मग पोपट हेच नाव पडलं. तुम्हाला ते आवडलं. मला आवडलं नव्हतं. आपल्याकडे पाहुणा आला की एसटी स्टँडवर त्याला लोक सांगायचे, पोपटवाल्यांकडे का? तेहतीस वर्षं मी इथल्या शाळेत इंग्रजी शिकवलं, पण पत्ता गाडीवरून सांगितला जायचा.

ती घरात आली तीच मुळात चुकून. आपल्या बांधाला ज्याचा बांध लागून आहे त्या युनूसला गाय घ्यायची होती, आणि घोडेगावच्या बाजारात सोबत म्हणून तुम्ही गेलात. तुम्हाला गाईतलं काहीही कळत नव्हतं. आयुष्यभर कोपरगावकडच्या साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये मशिनं दुरुस्त केलेली, गाईचे दात बघून तुम्ही काय सांगणार होतात? संध्याकाळी गाय आली. टेम्पोत गाय, आणि टेम्पोच्या मागे लोखंडी पाइपानं जोडलेली ही पिकअप, आणि तिच्या स्टिअरिंगवर तुम्ही, चष्म्यावर धूळ, तोंडभर हसू. बाजाराच्या पलीकडे एका व्यापाऱ्याच्या वाड्यात ती लिंबाखाली उभी होती म्हणे, आणि मागच्या हौद्यात कोंबड्या बसायच्या. खरोखरच एक अंडं निघालं तिच्यातून. ब्रेक लागत नव्हते हे तुम्ही मला पुढं कितीतरी दिवसांनी, वरण वाढून घेताना, सहज सांगितलंत.

मी विचारलं, हिचं करायचं काय. मला वाटलं, रिटायर झालेल्या माणसाचा छंद. घासूनपुसून, रंग देऊन, दारात ठेवाल, दसऱ्याला हार घालाल. तुम्ही म्हणालात, "शोभेला नाही. रोज चालवायला. बाजारहाट हिच्यातून, दवाखाना हिच्यातून, लग्नाला जायचं ते हिच्यातून. उभी ठेवली तर गाडी आणि माणूस दोघंही गंजतात."

हे वाक्य मला चांगलं आठवत होतं. तरी सुनीलला मी हो म्हटलं.

तुम्ही काम कसं करायचात ते मुलांना सांगायला हवं, नाहीतर पुढचं त्यांना कळणार नाही. तुम्ही एखादी वस्तू खोलायला बसलात की आधी जमिनीवर जुनी चादर अंथरायचात. पहिला निघालेला बोल्ट दाराकडच्या टोकाला, त्याच्यानंतरचा त्याच्या शेजारी, असं करत करत शेवटचा भाग भिंतीपाशी. प्रत्येकाच्या भोवती खडूनं रेघ ओढायचात, आणि कुठला वायसर कुठल्या बाजूनं बसला होता त्याची बारीकशी खूण करायचात. जोडताना मग भिंतीकडून दाराकडे यायचं, एवढंच. कारखान्यात तुम्ही सगळ्यांना असंच शिकवलं होतं. पाहणाऱ्याला मात्र तो नुसता पसारा वाटायचा. मला वाटला.

गेल्या वर्षी भाद्रपद संपत आला तेव्हा पत्रा झाला होता, रंग झाला होता, इंजिन सुरू व्हायला लागलं होतं. राहिला होता फक्त गिअरबॉक्स. तो खोलून तुम्ही चादरीवर मांडलात आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला नाशिकला बहिणीकडे गेलात. जाताना म्हणालात, आलो की दोन दिवसांत जोडतो, दसऱ्याला पोपटाला हार. शेडला कडी लावून गेलात. कुलूप लावलं नाहीत. घरात माझ्याखेरीज होतं कोण?

घटस्थापनेच्या आधी मी घर काढते. हे काही तुम्हाला नवीन नव्हतं, लग्न झाल्यापासून चाललं आहे. डबे उन्हात, गाद्या उन्हात, माळा झाडायचा, भिंतीवरची जळमटं काढायची. घर झालं आणि मी शेडमध्ये गेले. काळ्या तेलानं माखलेली चादर, त्यावर काळे तुकडे, कडेनं मुंग्या. मी पदर खोचला. एकेक तुकडा रॉकेलमध्ये बुडवून ब्रशनं घासला, साबणानं धुतला, उन्हात वाळवला. मग जॅमच्या आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्या आणल्या. वायसर वायसरांत. स्प्रिंगा स्प्रिंगांत. बोल्ट, लहान आणि मोठे, वेगळे. दातेरी चाकं मोठ्या बरणीत मावेनात, ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. प्रत्येकावर कागद चिकटवून सुंदर अक्षरात इंग्रजीत नावं. चादर सोड्यात उकळली, दोनदा धुतली, खडूचा एक ठिपका राहू दिला नाही, इस्त्री करून कपाटात ठेवली. त्या दिवशी संध्याकाळी मी इतकी खूश होते की मीच माझ्यासाठी कॉफी केली.

तुम्ही आलात, डोळ्याला हिरवी पट्टी. शेडमध्ये फळीवर बरण्यांची रांग बघितलीत. एक बरणी उचलून प्रकाशाकडे धरलीत. मी मागे उभी होते, शाबासकीची वाट बघत.

"अक्षर छान आहे," तुम्ही म्हणालात. मग बरणी खाली ठेवून, "चादर कुठाय?"

मी सांगितलं. तुम्ही स्टुलावर बसलात. ओरडला नाहीत. ओरडला असतात तर मीही ओरडले असते आणि ते भांडण त्याच दिवशी संपलं असतं.

त्याऐवजी तुम्ही त्याचा विनोद केलात. आमच्या बाईंनी गाडीचं लोणचं घातलंय, असं प्रत्येकाला सांगायला लागलात. मी शाळेत बाई होते म्हणून घरातही तुम्ही मला बाईच म्हणायचात. रेहाना, म्हणजे युनूसची बायको, दुधाच्या किटल्या घेऊन जाताना कुंपणावरून विचारायची, काकू, मुरलं का लोनचं? सगळे हसायचे. मी पण हसायची आणि मला राग यायचा. एकदा मी म्हटलं, एवढं काय झालं, एकही तुकडा मी टाकलेला नाही, सगळं आहे, उलट स्वच्छ आहे. तुम्ही शांतपणे म्हणालात, "बाई, पसारा नव्हता तो. वाक्य होतं. तू शब्द सुटे करून अकारविल्हे लावलेस. शब्द सगळे आहेत. वाक्य कुठाय?"

इंग्रजीच्या शिक्षिकेला याहून सोप्या भाषेत कुणी सांगितलं नसतं. मला कळलं, आणि मी म्हटलं, तुम्हाला कुलूप लावायला काय झालं होतं? हे आपलं भांडण तसंच राहिलं. माझ्याकडे अजूनही उत्तर तयार आहे, की शेड घराचाच भाग आहे आणि घर काढताना शेड वगळत नाहीत. ऐकायला तुम्ही नाही, आणि चूक माझीच होती.

दसरा गेला. हार सायकलला घातलात. दिवाळी गेली. तुम्ही बरण्या पुढ्यात घेऊन बसायचात, जाड-पातळ वायसर बोटानं चाचपत, एक डोळा अजून पाणावणारा. जोडायचं, गाडीत चढवायचं, कच्च्या रस्त्यानं नदीपर्यंत चालवून बघायची, आवाज ऐकायचा, परत उतरवायचं. थंडीत तुमचे हात फुटायचे. मी गरम पाणी आणून द्यायची, पण मी एकदाही म्हटलं नाही की माझं चुकलं. वाटायचं, जोडून झालं की म्हणू. तेव्हा ते हलकं होईल, हसत म्हणता येईल.

गुढीपाडव्याला पोपटानं हार घातला. पण तिसरा गिअर निसटायचा. त्या गाडीला गिअर तीनच, आणि तिसरा म्हणजे रस्त्यावरचा सगळा प्रवास. खड्डा आला, उतार आला, की दांडी आपोआप सुटून मध्ये यायची. म्हणून डाव्या हातानं ती सतत दाबून धरावी लागायची. तुम्ही ट्यूबची रबरी पट्टी बांधून बघितलीत. ती घाईच्या वेळी सुटेना, काढून टाकलीत. मी विचारलं, परत उघडून नीट का नाही करत? तुम्ही म्हणालात, "बास झालं आता. चालतेय ना. वळणावर मला दोन्ही हात लागतात, तेवढं शेजारी बसलेल्यानं धरलं की झालं."

"मग बसवा कुणालातरी शेजारी," मी म्हटलं.

तुम्ही माझ्यासाठी बसवली होती ती जागा. माझे गुडघे चढत नाहीत म्हणून डाव्या दाराखाली लोखंडी पायरी वेल्डिंग करून घेतली होती. सीटवर पाठीला उशी शिवून आणली होती. पाडव्याच्या दिवशी मी त्यावर एकदाच बसले. तुम्ही पुलाच्या वळणावर म्हणालात, धर गं जरा, आणि मी हातरुमाल काढून दांडीच्या गोळ्याभोवती धरला, तेल लागू नये म्हणून. रुमाल घसरला, गिअर सुटला, गाडी गुरगुरली. तुम्ही मोठ्यानं हसलात. पुलावरच्या पोरांनीही बघितलं. घरी आल्यावर मी सांगितलं की मला आपली एसटी बरी.

नंतर तुम्ही रोज बाहेर पडलात. रेहानाच्या दुधाच्या किटल्या सकाळी संकलन केंद्रावर. पेरूचे क्रेट. कुणाच्या लग्नाची भांडी, कुणाचं आजारी वासरू, देवळातले कर्णे. कुणी विचारायचंही नाही, हौद्यात सामान टाकून द्यायचे आणि सांगायचे, काका, येताना. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तुमच्या फेऱ्या आधी ठरवून द्यायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. रेहाना किटल्यांबरोबर पुढं बसायची तेव्हा दांडी ती धरायची. ती नसली की तुम्ही एकटे. संध्याकाळी जेवताना डावा खांदा फिरवत बसायचात. मी विचारायची, गिअर? तुम्ही मान हलवायचात, गिअर. मग मी बाम लावायची. ते आपलं रोजचंच झालं होतं, टीव्हीवरच्या बातम्यांसारखं.

श्रावणातल्या त्या दिवशी तुम्ही कोपरगावला निघालात, कारखान्यातल्या जुन्या मंडळींना भेटायला. सकाळी दारात उभे राहून तुम्ही म्हणालात, चल की, गोदावरी बघून येऊ, येताना कुठंतरी भेळ खाऊ. मी हरताळकेच्या आधी पितळी भांडी चिंचेनं घासायला काढली होती. मी म्हटलं, एवढी भांडी मध्येच कुठं टाकू. तुम्ही हौद्याचा फाळका लावलात, माझ्याकडे बघून हॉर्न दोनदा वाजवलात आणि गेलात.

दिवस मावळताना आलात. खूप दमलेले. म्हणालात, रस्त्याला नुसते खड्डे, जाऊन-येऊन दांडी धरून खांदा पार गेला, हाताच्या बोटांपर्यंत ठणकतंय. मी म्हटलं, सांगितलं होतं ना, दुरुस्त करा म्हणून. अहो, हे मी म्हटलं. मग बाम लावला, नेहमीपेक्षा जास्त वेळ चोळला. तुम्ही भिंतीला टेकून डोळे मिटलेत. "बरं वाटतंय," म्हणालात. पहाटे मी चहा ठेवून हाक मारली तेव्हा तुम्ही नव्हतात.

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक होता, कुणाच्याही लक्षात आलं नसतं. मुलगा फोनवर तेच म्हणाला, आई, स्वतःला लावून घेऊ नकोस. पण मी शिकवलेली मुलं डॉक्टर झाली आहेत. डावा हात, खांदा, बोटं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात डावा खांदा दुखतो म्हटलं की माणसाला गाडीत घालतात. आपल्या घरात डाव्या खांद्याला गिअर म्हणत होते. आणि गिअर का निसटत होता ते फळीवरच्या बरण्यांना विचारावं.

एवढं लिहून मी कागद बाजूला ठेवला होता. त्याला आठवडा झाला. पुढचं आज लिहिते.

परवा रेहाना आली. तुम्ही गेल्यापासून तिच्या किटल्या युनूस मोटारसायकलला बांधून नेतो आणि दूध हिंदकळून सांडतं. ती आत आली नाही, पायरीवर बसली.

"काकू, पोपट देऊन टाकला म्हनं तुमी."

मी म्हटलं, दिला नाही, ठेवायला दिला आहे, सुनीलच्या हॉटेलवर.

"दारात हुबा करनार?"

"हो. हौद्यात फुलझाडं लावणार आहे तो."

तिनं तोंडावर पदर घेतला. मला वाटलं रडते आहे, ती हसत होती. "काका आदी लई हसले असते," ती म्हणाली. "मंग सुनीलला कुंडीत लावला असता."

मीही हसले. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा. आणि हसता हसता मी तिला सगळं सांगितलं, बरण्या, गिअर, खांदा, बाम. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माजाबी खांदा दुखायचा काकू, ज्या दिवशी म्या धरायची. उजवा. दोन दिसांत उतरायचं. आमी समदेच गिअर म्हनत हुतो." तुमची चूक न्हाई, असं तिनं म्हटलं नाही, म्हणून मला बरं वाटलं.

काल सकाळी सुनील आला, बरोबर गॅरेजचा माणूस आणि एक टेम्पो. चहा झाला. सुनील मला फोनवर चौथऱ्याचा फोटो दाखवत होता, फरशी बसवून घेतली होती, दिव्यांची माळ लावणार होता. गॅरेजच्या माणसानं बॉनेट उघडलं. मी विचारलं, चालवतच न्यायची ना? सुनील म्हणाला, चालवायची कशाला मामी, इंजिन आणि गिअरबॉक्स इथंच उतरवून घेतो, हलकी होईल, टेम्पोवर चढेल. आतलं कुणाला दिसतंय, ते भंगारात देऊन टाकू.

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तुमची ती सगळी थंडी त्या पेटीत आहे. वायसर बोटानं चाचपत, एका डोळ्यानं, तुम्ही जे वाक्य परत लिहीत होतात ते. एक शब्द चुकीच्या जागी बसला आहे, आणि तो माझ्यामुळे. ते वाक्य मी दुसऱ्यांदा फोडायला निघाले होते.

"सुनील, गाडी कुठं जाणार नाही," मी म्हटलं.

"मामी, तुम्ही शब्द दिला होतात."

"दिला होता. परत घेते."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला ओळखतच नाही. दिलेला शब्द मी परत घेतलेला या घरात कुणी पाहिलेला नाही. तो म्हणाला, चौथरा बांधून झालाय, आता त्याचं काय करू? मी म्हटलं, त्याच्यावर झेंडूच्या कुंड्या ठेव, तुला ठेवायच्याच होत्या. तो नाराज होऊन गेला. दसऱ्याला मी त्याला जेवायला बोलावीन, बासुंदी करीन, येईल. तुमचाच भाचा आहे, राग फार दिवस धरणार नाही.

किटल्या परत पोपटातून न्यायच्या म्हणून युनूसनं दुपारी बॅटरी चार्ज करून आणली. रेहाना त्यांचा ट्रॅक्टर चालवतेच. ती स्टिअरिंगवर चढली, सीट पुढं ओढून घेतली. संध्याकाळच्या दुधाच्या किटल्या हौद्यात बांधल्या. मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, युनूस, तू बस ना. तो म्हणाला, मला धारा हायेत, काकू. धारा केव्हाच झाल्या होत्या, दूध हौद्यात होतं.

मी पायरीवर पाय दिला. तुम्ही बरोबर उंचीवर बसवली आहे, गुडघ्याला कळही आली नाही. उशीवरची धूळ झटकावीशी वाटली, तशीच बसले. हातरुमाल कमरेला होता, काढला नाही. रस्त्यावर आल्यावर रेहाना म्हणाली, "आता तिसरा टाकते. धरा. आन् सोडू नका, म्या सांगंस्तवर."

दांडीचा गोळा एका बाजूनं गुळगुळीत झाला आहे, तुमच्या तळव्यानं. माझा हात दुसऱ्या बाजूनं येतो, तिकडे तो अजून खरखरीत आहे. मी दाबून धरला. अहो, किती ओढतो तो. मला वाटलं होतं नुसतं हात ठेवायचा असतो. प्रत्येक खड्ड्याला तो हातातून निसटायला बघतो, आतून कुणीतरी ढकलावं तसा. संकलन केंद्र ते किती लांब, तेवढ्यात माझा हात भरून आला. तुम्ही हे कोपरगावपर्यंत केलंत, आणि परत, एकट्यानं, घरी मी भांडी घासत असताना. पुलाच्या वळणावर रेहानानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवलं. मी सोडला नाही. तेवढ्यात मी म्हटलं, माझं चुकलं. गाडीचा आवाज एवढा होता की रेहानालाही ऐकू गेलं नाही. तुम्हाला म्हणायचं होतं ते मी गिअरला म्हटलं.

केंद्रावर लोक गोळा झाले. कुणीतरी म्हणालं, पोपट आला. मी हात वर केला, शाळेत हजेरी दिल्यासारखा, आणि तळवा काळा झालेला दिसला.

आज सकाळी परत गेलो. उद्याही जायचं आहे, रेहानानं मला विचारलं नाही, किटल्या हौद्यात ठेवून हॉर्न वाजवला, दोनदा. ओजस, तन्वी, तुम्ही याल तेव्हा पोपट दारात उभा नसला तर घाबरू नका, तो दूध घालायला गेलेला असेल.

आणि अहो, आता हे लिहिताना माझा उजवा खांदा ठणकतो आहे. बाम कपाटात आहे, वरच्या खणात, लेबल पुढं करून. तुम्हाला लावला होता तोच. मी लावलेला नाही. गिअरचं दुखणं कसं असतं ते मला नीट बघायचं आहे. ते खांद्यातून सुरू होतं आणि कोपराशी थांबतं. बोटांपर्यंत येत नाही. दाबलं की कमी होतं, सोडलं की परत येतं. तुमचं मी त्या संध्याकाळी एवढा वेळ दाबत होते. बरं वाटतंय म्हणालात.

खरंच वाटलं होतं का हो?